औदुंबराखाली काढलेले हातमोजे

आत्या,

शेवटच्या दिवशी नर्स तुझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावत होती आणि तो नीट बसत नव्हता. तिनं बोट सरळ करून पाहिलं, मग जरा जोर लावला. ते बोट सरळ होत नाही, दुसऱ्या बोटाला लावा, असं मी म्हटलं. जन्मापासूनच का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं आणि विषय तिथंच थांबला. तू डोळे मिटून पडली होतीस, पण ऐकत असावीस, कारण तुझा उजवा हात चादरीवरून हळूहळू सरकत आला आणि त्या वाकड्या बोटावर येऊन थांबला. झाकल्यासारखा.

तुझ्या गच्चीबाग मंडळानं अंकात तुझ्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. तुझं गाव, शिक्षण, कृषी खात्यातली पदं, निवृत्ती हे सगळं बाबांनी नागपूरहून लिहून पाठवलंय, ते एका पानावर येईल. दुसऱ्या पानावर मी आठवणी लिहाव्यात असं मंडळाचं म्हणणं. तू तर त्यांच्याजवळच राहत होतीस, असं म्हणाल्या सगळ्या. राहत होते. पण शाळा इंग्रजी, ऑफिस इंग्रजी, त्यामुळे मराठीत लिहायला बसलं की मला प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून पाहावं लागतं. तू असतीस तर मागून येऊन एखादी वेलांटी दुरुस्त केली असतीस आणि काही न बोलता चहा ठेवायला गेली असतीस. मी हे तुलाच लिहितेय. पानात मावेल तेवढं छापतील, उरलेलं तुझ्याकडे.

मला त्या बोटाबद्दल लिहायचंय. तुला आवडणार नाही, माहीत आहे.

मी नोकरीसाठी तुझ्याकडे कोथरूडला राहायला आले तेव्हा सोसायटीतला औदुंबर पार्किंगच्या शेडवर टेकायला लागला होता. त्याच्या बुंध्याशी छोटा चौथरा, त्यावर पादुका. दर गुरुवारी तळमजल्यावरच्या काकू तिथं प्रदक्षिणा घालायच्या. बाकीचे दिवस पिकलेली उंबरं स्कूटरच्या सीटवर पडून चिकचिकाट व्हायचा आणि लोक कुरकुरायचे, पण झाडाकडे बघून नाही, सीटकडे बघून. त्या वर्षी एक फांदी शेडचा पत्रा उचलायला लागली. पाऊस तोंडावर आला होता. महापालिकेची परवानगी आली आणि मग लक्षात आलं की कापणारं कुणी नाही. माळ्यानं औदुंबर म्हटल्यावर कानाला हात लावले. दुसरा माळी आला, त्यानं झाड पाहिलं, चौथऱ्याला नमस्कार केला आणि तसाच परत गेला.

मग काकूंचे यजमान, अण्णा, वर आले. सोसायटीचे सेक्रेटरी. आपल्याकडे ते तोवर कधी बसले नव्हते, दारातूनच बोलायचे. त्या दिवशी बसले, चहा घेतला, चहाची स्तुती केली. हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीकडे बघून म्हणाले, छान आहे हो, कुठून आणलीत, आमची सूनही अशीच शोधतेय टीव्हीच्या युनिटवर ठेवायला. तू म्हणालीस, आमच्या घरात आधीपासून आहे. मग ते मुद्द्यावर आले. तुमच्याकडे छाटणीची करवत आहे, तुम्हाला त्यातलं शास्त्र कळतं, आणि शिवाय, असं म्हणून ते थोडे अडखळले.

"शिवाय तुमच्यात काही दोष वगैरे मानत नाहीत ना, म्हणून म्हटलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. 'तुमच्यात' हा शब्द मला शाळेपासून ओळखीचा आहे. तो कुणी म्हटला की मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघते. अण्णा बिस्किटाचे दोन तुकडे करत होते. तू शांतपणे म्हणालीस, "झाडाला त्या फांदीचं ओझं होतंय, एवढं मी मानते." आणि शनिवारी सकाळी करते म्हणून सांगितलंस.

ते गेल्यावर मी म्हटलं की पाप लागायचं काम तेवढं आपल्याकडे आलं. तू हसलीस. पिनू, फांदी चुकीच्या माणसानं कापली तर ती खोडाची साल सोलत खाली येते, झाड पुढं दहा वर्षं कुजत राहतं, त्यापेक्षा मी कापते, असं तू म्हणालीस. तुला माणसांपेक्षा झाडाची बाजू घेणं नेहमी सोपं जायचं. मला वाटतं, ती तुझी पळवाट होती. हे मी तुला कधी म्हटलं नाही.

शनिवारी तू तुझी घडीची करवत, स्टूल आणि ते जाड, पिवळट चामड्याचे हातमोजे घेऊन खाली गेलीस. हातमोजे बोहरी आळीतल्या एका दुकानातून आणलेले, वेल्डिंगवाले वापरतात तसले. डाव्या हाताचा जास्त झिजलेला. मी मोबाइल घेऊन मागोमाग आले, कारण तू एकटीनं फांदी कापायची नाही हा तुझाच नियम. काकू आंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून चौथऱ्याशी उभ्या होत्या. त्यांनी आधी झाडाला हळदकुंकू वाहिलं, दोन शब्द पुटपुटल्या, बहुतेक झाडाची क्षमा मागितली. मग तुझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू, अगदी आदरानं म्हणाल्या:

"शीलाताई, एक सांगू का? राग नका मानू. ते हातमोजे चामड्याचे दिसतायत. तेवढे काढून ठेवाल का? या झाडाला नको लागायला."

तू हातांकडे पाहिलंस. जरा जास्तच वेळ पाहिलंस. मी इतकी वर्षं तो क्षण उलगडून बघतेय आणि तुझा चेहरा मला काही केल्या वाचता येत नाही. मग तू एकेक बोट ओढत दोन्ही हातमोजे काढलेस आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेस. काकू म्हणाल्या, बरं झालं बाई. त्यांना दोष लागू नये म्हणून तुला बोलावलं होतं आणि झाडाला विटाळ नको म्हणून तुझे हात उघडे केले होते, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी बरोबर वाटत होत्या. त्यांच्या बोलण्यात कुठंही कडवटपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पुढचं पटकन घडलं. तू आधी फांदीला खालून एक खाप दिलीस, मग वरून कापायला लागलीस. पांढरा चीक गळायला लागला, तुझ्या उघड्या डाव्या हातावरून मनगटापर्यंत आला. अण्णांना नुसतं उभं राहवेना. बाईमाणूस करवत चालवतेय आणि आपण हात बांधून उभे, हे त्यांना शोभणारं नव्हतं. मी धरतो म्हणत त्यांनी फांदीचं टोक पकडलं आणि मदत म्हणून वर उचललं. तू त्यांना सोडा म्हणालीस, आपोआप वाकू द्या म्हणालीस. ते हसले आणि तेवढी ताकद आहे अजून असं म्हणाले. टोक वर गेलं तशी कापाची फट मिटली आणि पातं आत अडकलं. तू ते सोडवायला ओढलंस. एरवी तू असं ओढलं नसतंस. पण चिकानं डावा हात घसरत होता, अण्णा उचलत होते, काकू बघत होत्या. पातं एकदम सुटलं आणि तुझ्या डाव्या हातावरून फिरलं.

तू ओरडली नाहीस. काकू धावत हळदीचा डबा घेऊन आल्या. तू म्हणालीस, हळद नको, धुतलेला फडका द्या. मग फडका घट्ट दाबून हात डोक्याच्या वर धरलास आणि मला रिक्षा थांबवायला सांगितलंस. रिक्षात तुझ्या कोपरावरून माझ्या पंजाबी ड्रेसवर रक्त आणि चीक दोन्ही पडत होतं. रक्ताचा डाग निघाला. चिकाचा नाही.

बोटाचं टेंडन तुटलं होतं. शिवलं, पण नीट जुळलं नाही. संध्याकाळी मी घरी कपडे घ्यायला आले तेव्हा हातमोजे आपल्या दाराशी होते, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून ठेवलेले. ते वर्तमानपत्र काळजीनं गुंडाळलं होतं की हात लागू नये म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, दोन्ही असेल.

हॉस्पिटलात मी तुला एवढंच विचारलं की तू ते काढलेस कशाला. हातमोज्यांशिवाय करवत धरायची नाही हा नियम तुला ठाऊक होता, तूच तो फळबागांतल्या माणसांना शिकवत गावोगाव हिंडली होतीस. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "वाद घालत बसले असते तर फांदी तशीच राहिली असती." मी म्हटलं, राहू द्यायची. आपला वाद तिथं सुरू झाला. तो संपलाच नाही.

तू बरी झालीस तेव्हा मला वाटलं होतं, करवत आता अडगळीत जाईल. तू उलट केलंस. पुढच्या छाटणीच्या दिवसांत मंडळातल्या बायकांना गच्चीवर बोलावलंस आणि पेरू-सीताफळाच्या फांद्या समोर ठेवून वर्ग घ्यायला लागलीस. दरवर्षी पाऊस संपला की एक रविवार. बायका करवत बघायला यायच्या आणि तू त्यांना आधी डावा हात पुढं करायला सांगायचीस. उजव्या हाताला काम असतं, त्याला काही शिकवावं लागत नाही, असं म्हणायचीस. डावा रिकामा असतो म्हणून भलतीकडे जातो. त्याला आधी जागा ठरवून द्या. पात्यापासून निदान कोपराएवढा लांब. उजव्याखालून आडवा घालायचा नाही. पहिले दोन-तीन हात अगदी हलके, पात्याला वाट सापडेपर्यंत, कारण करवत उडते ती सुरुवातीलाच. हातमोजा हवाच, आणि करवत धरलेल्या हातापेक्षा फांदी धरलेल्या हाताला जास्त हवा. कुणी सैल विणीचा सुती हातमोजा घालून आली की तू तो दोन बोटांत धरून ओढून दाखवायचीस, दातात अडकला तर बोटाला घेऊन जाईल म्हणायचीस.

एकदा कुणीतरी म्हणालं, शीलाताई, एवढे नियम तर लग्नातसुद्धा नव्हते. तू करवत मिटत म्हणालीस, म्हणूनच मी तिकडे गेले नाही. सगळी गच्ची हसली. तळमजल्यावरच्या काकूही हसल्या. त्या दरवर्षी यायच्या, दुसऱ्या रांगेत बसायच्या, आणि सगळ्यांत नीट शिकल्या त्याच. पातं अडकलं तर ओढायचं नाही, फांदीचं टोक खाली दाबून फट उघडायची, हे तू शिकवलंस की त्या मान हलवायच्या. कुणी मदतीला येऊन फांदी उचलायला लागलं तर हातातलं काम थांबवायचं, माणूस कितीही मोठा असला तरी, असं तू म्हणायचीस तेव्हासुद्धा त्या मान हलवायच्या. आणि हातातून करवत निसटली तर पडू द्यायची, पकडायला जायचं नाही. हे वाक्य तू दोनदा म्हणायचीस, कारण आपल्या बायकांचा हात पडणाऱ्या वस्तूकडे आपोआप जातो.

मग दरवर्षी कुणीतरी तुझ्या बोटाबद्दल विचारायचं. आणि तू दरवर्षी म्हणायचीस, "घाई केली."

मी मागं पाण्याच्या टाकीला टेकून उभी असायचे. ते दोन शब्द ऐकले की मला खाली निघून जावंसं वाटायचं. काकू त्या वेळी साडीचा काठ सारखा करत असायच्या. संक्रांतीला त्यांच्याकडून गुळाच्या पोळ्या यायच्या आणि तू डबा कधी रिकामा परत पाठवला नाहीस. तुमची मैत्री खोटी नव्हती, ते मी पाहिलंय. तू तापानं आजारी होतीस तेव्हा तुझ्या पायांना तेल त्यांनीच चोळलं. म्हणूनच मला कळायचं नाही. जिचे हात तुझ्या पायांना चालतात तिला एवढी एक गोष्ट सांगता येऊ नये?

ऑफिसच्या कामासाठी परदेशात, ऑनसाइटला, गेले होते तेव्हा तिथल्या एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मी अर्धी दुपार हातमोजे बघत घालवली. राखाडी, पातळ, कसल्याशा धाग्याचे, चाकूनंही सहज न कापले जाणारे. चामडं नावालाही नाही. तुझ्या मापाचा एक जोड घेतला. इतका शहाणपणाचा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता, असं विमानात वाटत होतं. घरी आल्यावर तू ते हातात घालून बघितलेस, मुठी वळल्यास, वाकडं बोट त्यात नीट बसलं. मग काढलेस.

"चांगले आहेत. पण काहून आणले?"

तू 'काहून' म्हणालीस की मी सावध व्हायचे. पुण्यात इतकी वर्षं काढून तुझी भाषा इथल्यासारखी झाली होती, नागपूर फक्त राग आला की बाहेर यायचं. मी म्हटलं, तुझा हात कापू नये म्हणून.

"चामड्याच्यानं कापत होता काय?"

मी म्हटलं की यांना कुणाची हरकत असणार नाही, कुठल्याही झाडाखाली घालता येतील. बोलता बोलता मला कळलं की मी काय म्हणतेय, पण वाक्य पुरं झालं होतं. तू हातमोजे टेबलावर एकावर एक ठेवलेस.

"माझा हात चामड्यानं नाही कापला, पिनू. ते काढल्यानं कापला. आणि तू मला कधीच काढायला लागू नयेत असे घेऊन आलीस."

मग मीही ऐकून घेतलं नाही. मी म्हटलं, मग हे वर्गात सांग. घाई केली, घाई केली काय म्हणतेस? घाई तू आयुष्यात कधी केली नाहीस, भाजी चिरतानासुद्धा नाही. चूक त्यांची आणि तू स्वतःला वेंधळी ठरवून घेतेस. तू माझ्याकडे बघून विचारलंस की तुझ्या ऑफिसात तू किती जणांना सांगितलंयस आपण कोण ते. खोटं मी तिथं कधी बोलले नाही. कुणी विचारलं तर सांगेन असं ठरवून, कुणी विचारणार नाही अशा बेतानं राहत आले होते. तूच मला तसं राहायला शिकवलंस, मुद्दाम नाही, राहून दाखवून. त्या दिवशी आपण दोघी एकमेकींवर एकाच गोष्टीसाठी चिडलो होतो. कुकरची शिट्टी झाली, तू उठलीस. ते हातमोजे तू कधी घातले नाहीस. तुझ्या जुन्यांनाच पुन्हा टाके घातलेस, जाड सुईनं, वाकड्या बोटानं.

मला आजही वाटतं की तुझा हात वाचवणं एवढाच प्रश्न असता तर माझं बरोबर होतं. तेवढाच तो नव्हता, हे तुझं बरोबर होतं. हे दोन्ही तुझ्यासमोर म्हणायचं राहिलं. आपल्याकडे वेळ आहे असं मी धरून चालले होते, आणि हॉस्पिटलात नेल्यावर तुझं हृदय आठवडाभरही तग धरून राहिलं नाही.

पुण्यानुमोदनाला, तुझ्या नावानं वंदना झाली त्या दिवशी, घर भरलं होतं. नागपूरहून सगळे आले. काकू आल्या त्या दारातच थबकल्या, इथं काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात आपण काय करतो ते त्यांनी विचारलं नव्हतं आणि आपण सांगितलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी फुलं वाहिली तशी त्यांनी वाहिली, त्रिशरण चालू असताना हात जोडून बसल्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, फार गुणी हात होता गं तिचा, एकदा काय ती करवत निसटली तेवढीच. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. करवत निसटली, असंच त्यांच्या मनात बसलं होतं. तुझ्या 'घाई केली'नं ते तिथं बसवलं होतं, दर वर्षी थोडं थोडं.

मंडळानं मला या रविवारचा वर्ग घ्यायला सांगितला. मी, जी ऑफिसच्या कॉलवरसुद्धा आपली पाळी येऊ नये म्हणून प्रार्थना करते. नाही म्हणणार होते. पण गुलाबाच्या छाटण्या सुरू होतील, बायका करवती बाहेर काढतील, आणि तुझं सांगणं सगळं माझ्या कानात होतं. मी तुझे चामड्याचे हातमोजे घालून गच्चीवर गेले. मला ते सैल होतात. डाव्याचं पहिलं बोट आतून वाकडं झालंय, तुझ्या बोटासारखं, माझं सरळ बोट त्यात घुसत नव्हतं.

मी डाव्या हातापासूनच सुरुवात केली. फार वाईट झालं नसावं, कारण कुणी आपसांत बोलत नव्हतं. मग नव्यानं आलेल्या एका मुलीनं विचारलं. तिचा दोष नाही, तिला काही माहीत नव्हतं. एवढं सगळं येत असून ताईंचं बोट कसं काय गेलं? पुढच्या रांगेतून कुणीतरी उत्तर दिलं की घाई झाली होती त्यांची, स्वतःच सांगायच्या. दुसरी म्हणाली, होतं असं, पोहणाराच बुडतो. आणि दोघी-तिघींनी च्च् केलं.

आत्या, मला ते च्च् सहन झालं नाही. एवढ्या वर्षांच्या कामाचं शेवटी एवढंच उरणार होतं, की तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती घाईत हात कापून बसली. तू असताना तुझी गोष्ट कशी सांगायची ते तू ठरवत होतीस. आता तू नाहीस, आणि तीच गोष्ट तुझ्या विरुद्ध जायला लागली होती.

मी म्हटलं, "घाई केली नव्हती. हातमोजे काढले होते. झाड औदुंबराचं होतं, हातमोजे चामड्याचे होते, म्हणून काढायला सांगितलं होतं."

माझा आवाज तुला माहीत आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, जरा मोठ्यानं सांग गं, ऐकू येत नाही. मला ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणताना मी कुणाकडेच बघत नव्हते, टाकीच्या झाकणाकडे बघत होते. कुणी विचारलंच नाही की कुणी सांगितलं होतं. पुण्यात असं विचारत नाहीत.

दुसऱ्या रांगेतून काकू म्हणाल्या, "मी सांगितलं होतं."

त्या उभ्या राहिल्या होत्या. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तशा. "ती काही बोललीच नाही. लगेच काढले तिनं. मला वाटलं, तिचं काही म्हणणं नाही." एवढं बोलून त्या खाली बसल्या. मी उरलेला वर्ग पुरा केला. कसा ते आठवत नाही. करवत मिटल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही, हे सांगायचं मात्र विसरले नाही.

संध्याकाळी त्या वर आल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. तू हे लिहिणार असशील तर माझं नाव घालून लिही, असं म्हणाल्या. मी घालत नाहीये. मग म्हणाल्या, ती मला सख्ख्या बहिणीसारखी होती, आणि मी दर वर्षी तिच्यासमोर बसून मान हलवत होते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आता तिच्या जागी तूच आहेस. मला माफ कर."

माझ्या तोंडावर 'असू द्या काकू' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. तू हेच म्हणाली असतीस, त्यांना आत घेतलं असतंस, चहा टाकला असतास आणि विषय पुढं जाऊच दिला नसतास. तुझ्यासोबत राहून मी छाटणी शिकले, एकटीनं राहायला शिकले, या शहरात मान वर करून चालायला शिकले, त्या सगळ्यासाठी मी तुझी आहे. पण त्या क्षणी मला दिसलं की 'असू द्या' म्हटलं तर तुझे हातमोजे आणखी एकदा भिंतीवर ठेवले जातील, आणि या वेळी ते ठेवणारी मी असेन.

"काकू, ते मला घेता येणार नाही," मी म्हटलं. "ते तिचं होतं."

त्यांनी विचारलं, मग मी आता कुणाला म्हणू? आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, त्या बाहेर, मी आत, हात हातात. मी हात सोडवून घेतला नाही आणि 'हो'ही म्हटलं नाही. जिन्यातला दिवा आपोआप बंद झाला, तो लावायलाही कुणी हात काढला नाही.